संमतीचे बंड आणि बिनसंमतीचे

८ मार्च जवळ आला की ठाण्यातील चौकांत, शाळांच्या भिंतींवर आणि घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलांच्या प्रवेशद्वारांवर कर्तृत्ववान स्त्रियांच्या छायाचित्रांचे फलक लागतात. त्या फलकांवर कोण असते आणि कोण नसते, हे अनेक वर्षे पाहत आल्यानंतर माझे एक मत बनले आहे. चाकोरी मोडणाऱ्या स्त्रिया आपल्याला आवडतात. मात्र ते बंड पती, पिता किंवा एखादी संस्था यांच्या संमतीने झालेले असेल, तर त्या अधिक लवकर आणि अधिक मनापासून आवडतात. जिने कोणाचीच संमती विचारली नाही, तिला फलकावर जागा मिळण्यास फार वेळ लागतो, आणि मिळालीच तर तिच्या चरित्रातील टोचणारा भाग आधी काढून टाकला जातो.

डॉ. आनंदीबाई जोशी आपल्या शेजारच्या कल्याणच्या, म्हणून आपल्याला त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा, आणि तो योग्यच आहे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावणे, १८८३ मध्ये अमेरिकेला प्रयाण, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी आणि पुढच्याच वर्षी, बाविसावे वर्षही पूर्ण होण्याआधी, क्षयाने मृत्यू हा क्रम शाळकरी मुलांनाही पाठ असतो. या कथेत पत्नीला शिकवण्याचा ध्यास घेतलेले गोपाळराव आहेत, परदेशी जाऊनही धर्म न सोडण्याचे वचन आहे आणि अकाली मृत्यूही आहे. अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी लहानपणी त्याच्या हातून खाल्लेल्या माराचा स्पष्ट उल्लेख केला आहे. ते पत्र मी एकाही फलकावर पाहिलेले नाही.

आनंदीबाईंचा मृत्यू २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात झाला. त्यानंतर आठवडाभरातच, ४ मार्च १८८७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंच्या विरोधात निकाल दिला. महिनाभरात पतीकडे नांदायला जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा तो आदेश होता. रखमाबाई आनंदीबाईंपेक्षा अवघ्या काही महिन्यांनी मोठ्या. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले होते. त्या मात्र आईजवळ आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिल्या, शिकत गेल्या आणि नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी, लहानपणी संमतीवाचून लागलेल्या लग्नासाठी एका सज्ञान स्त्रीवर बळजबरी करता येणार नाही, अशी भूमिका घेऊन तो फेटाळला. अपिलात ते प्रकरण पुन्हा सुनावणीला आले आणि फॅरन यांच्या निकालापर्यंत पोहोचले. निकालानंतर रखमाबाईंनी सांगितले की आपण तुरुंगात जाऊ, पण नांदायला जाणार नाही.

त्या काळची मराठी वृत्तपत्रे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. ‘केसरी’ने आनंदीबाईंच्या धैर्याचा आदराने गौरव केला, रखमाबाईंच्या प्रकरणात मात्र लोकमान्य टिळक त्यांच्या ठाम विरोधात उभे राहिले. टिळकांचा मुद्दा केवळ स्त्रीद्वेषाचा होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परक्या सरकारच्या न्यायालयाने आमच्या विवाहसंस्थेत हात घालावा का, हा प्रश्न त्या वेळी खरा होता. तरीही एका तरुणीचे आयुष्य त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी पणाला लावणे रास्त होते, असे मला आजही वाटत नाही. आनंदीबाई चित्पावन ब्राह्मण होत्या आणि रखमाबाई ब्राह्मण नव्हत्या, हेही या दोन स्वागतांतील फरक मोजताना विसरता कामा नये.

पुढे काय झाले, ते तर आपण जवळजवळ सांगतच नाही. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन दाव्याची तडजोड झाली, रखमाबाई लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. आनंदीबाईंना रुग्णसेवेची संधीच मिळाली नाही; रखमाबाईंनी ती काही दशके केली. त्या १९५५ मध्ये, नव्वदाव्या वर्षी वारल्या. योगायोग असा की त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा आला, आणि ज्या प्रकारच्या दाव्यात त्यांना ओढले गेले, त्या वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची तरतूद त्याच्या कलम ९ मध्ये कायम राहिली. ती आजही आहे. तुरुंगाची शिक्षा तेवढी त्यातून पूर्वीच गेली होती.

विज्ञानातील आपले आवडते उदाहरण कमला सोहोनी यांचे. मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या विद्यार्थिनीला १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी ठिय्या दिल्यावर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे असेल आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, अशा त्या अटी होत्या. वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेतील प्रथिन दाखवून देऊन १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट त्यांनी मिळवली, आणि पुढे नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले. फलकावर मात्र ‘पहिली भारतीय महिला शास्त्रज्ञ’ एवढेच असते. तेही अचूक नाही, कारण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. १९३१ मध्येच मिळाली होती. या पहिलेपणाच्या हव्यासात अडवणाऱ्याचे नाव सोयीस्करपणे गळते. नोबेलविजेत्याचा उणेपणा सांगितल्याने त्याचे विज्ञान लहान होत नाही. मग आपण एवढे संकोचतो कशासाठी?

कमलाबाईंची थोरली बहीण दुर्गा भागवत. १९७५ मध्ये, आणीबाणी चालू असताना, कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण होते, आणि त्याच व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे त्यांना अटक झाली. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या दुर्गाबाई आपण शालेय पुस्तकांत आनंदाने घेतो; कराडच्या दुर्गाबाईंचा उल्लेख आला की विषय बदलतो.

आणि गोदावरी परुळेकर तर आपल्याच जिल्ह्याच्या म्हणाव्या लागतील, कारण पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा होईपर्यंत तलासरी आणि डहाणू ठाणे जिल्ह्यातच होते. पुण्याच्या सुशिक्षित घरातील, कायद्याची पदवी घेतलेली ही स्त्री १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेनंतर वारली पाड्यांवर राहू लागली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनी सावकाराकडे पिढीजात राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. ती पद्धत आणि वेठ मोडण्यासाठी उभ्या राहिलेल्या लढ्यात त्या आघाडीवर होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि इतर वारली मारले गेले. त्या लढ्याची हकीकत सांगणाऱ्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. साहित्य आणि राजकारण या दोन्हींत त्यांचे नाव घ्यावे लागते. तरीही ठाण्यातील सुशिक्षित घरांत ते किती जणांना ठाऊक आहे, हे आपल्या मुलांना विचारून पाहावे.

यंदा आमच्या संकुलाच्या महिला दिनाच्या समितीपुढे मी ही नावे ठेवली. आनंदीबाई आणि कमलाबाई तत्काळ मान्य झाल्या. दुर्गाबाईंचे छायाचित्र चालेल, पण आणीबाणी नको, असे ठरले. गोदावरीबाईंविषयी ‘त्या लाल झेंड्याच्या, उगाच राजकारण होईल’ असे एका ज्येष्ठ सभासदांनी सांगितले, आणि रखमाबाईंविषयी ‘मुलींपुढे नवऱ्याला सोडण्याचे उदाहरण कशाला?’ असे एका काकूंनी विचारले. दोघेही भले लोक आहेत आणि आम्ही नंतर चहाही एकत्र घेतला. तरी काकूंना मी तिथेच सांगितले की, ज्या मुलींपुढे आपण हे उदाहरण ठेवू नये म्हणता, त्यांच्यापैकी एखादीवर उद्या तसाच प्रसंग आला, तर तिला आनंदीबाईंच्या कथेचा उपयोग होणार नाही, रखमाबाईंच्या कथेचा होईल. अखेर रखमाबाईंचा फलक लावण्याचे ठरले, मजकूर मी लिहून द्यावा आणि तो चार ओळींत बसवावा, या अटीवर. गोदावरीबाईंचा विषय पुढच्या सभेत पुन्हा मांडणार आहे. चार ओळींसाठी सुरत, राजकोट, लंडन असे काहीही गाळायला मी तयार आहे. ४ मार्च १८८७ चा आदेश आणि त्यावर त्यांनी दिलेले उत्तर मात्र त्या फलकावर राहील.