तरस बिचारं फुकट बदनाम

अ‍ॅनिमेशनपटांतले नायकाचे प्राणी-सोबती मुलांना निसर्गाचा आदर करायला शिकवतात, असं नुकत्याच वाचलेल्या एका लेखात म्हटलंय. अर्धंच पटलं. लळा लावतात हे खरं, पण आदर? यातले बहुतेक सोबती म्हणजे कातडं पांघरलेली माणसंच. विनोद करतात, टोमणे मारतात. भूक लागली म्हणून कुणाला खाताना मात्र दिसत नाहीत.

आणि खलनायकाच्या सोबत्यांचं काय? १९९४च्या ‘द लायन किंग’मध्ये तरसं म्हणजे लाचार टोळी. प्रत्यक्षात आफ्रिकेतली ठिपकेदार तरसं बरंचसं अन्न स्वतः शिकार करून मिळवतात. उलट सिंहच कित्येकदा त्यांच्या तोंडचा घास पळवतात. शिवाय कळपात सत्ता माद्यांची! हे लेकीला सांगितलं तर म्हणाली, “मग सिंह चोर?” (चोरी फक्त माणसांत असते, असं काहीतरी बोलून सुटलो.)

मला मुके सोबती जास्त आवडतात. ते बोलत नाहीत, म्हणून मुलं त्यांचे कान, शेपूट, अंग चोरणं नीट बघतात. मग दारातल्या मांजरीकडेही तसंच बघू लागतात. या मुक्या सोबत्यांबद्दल लेखात एक ओळही नाही, हे खटकलं.