तारापूरचे आकडे कोण तपासतं?

नोव्हेंबर 2018पासून डहाणू-पालघर पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले, आणि माहेरी फोन केला की तोच वाद कानावर येऊ लागला. एकजण म्हणतो, धक्के लहान आहेत, तारापूरच्या अणुकेंद्राच्या नावाने घबराट पसरवू नका. दुसरा म्हणतो, केंद्रच बंद करा. दोघेही माझ्या जवळचे. पण तारापूरला नुसती वीज होत नाही. तिथे वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया होते, उरलेला अतिकिरणोत्सारी द्रव काचेत गोठवला जातो आणि त्या काचेचे डबे नैसर्गिकपणे खेळत्या हवेने थंड ठेवले जातात. वीजनिर्मिती उद्या थांबवली तरी हे डबे तिथेच राहणार. वादात त्यांचं नाव निघत नाही, याची मला काळजी वाटते.

मी राहते अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलंडला. शेजारी हॅनफर्ड. दुसऱ्या महायुद्धापासून इथे अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम काढलं गेलं आणि मागे 177 भूमिगत टाक्यांत सुमारे 21 कोटी लिटर कचरा उरला. काही टाक्या गळल्या. तो कचरा काचेत बंदिस्त करणाऱ्या कारखान्याचं बांधकाम 2002 साली सुरू झालं.

त्याच वर्षी अणुसुरक्षेवर देखरेख करणाऱ्या एका स्वतंत्र सरकारी मंडळाने साधा प्रश्न विचारला: जमीन किती हादरेल याचा तुमचा हिशोब कुठल्या मातीवरून केलाय? हिशोबात कॅलिफोर्नियातल्या मातीची माहिती वापरली होती. हॅनफर्डच्या पायाखाली मात्र आपल्या दख्खनसारखा लाव्हाचा बेसाल्ट आहे, आणि त्याच्या थरांमध्ये मऊ गाळाचे थर दबलेले आहेत. कठीण-मऊ-कठीण अशा थरांतून भूकंपाची लाट वेगळ्याच रीतीने वर येते. 2005 साली अपेक्षित हादरा जवळजवळ 40 टक्क्यांनी वाढवला गेला आणि दोन मुख्य इमारतींचं काम थांबलं. मग सुमारे 400 मीटर खोल विंधणं घेऊन थरांतला लाटेचा वेग प्रत्यक्ष मोजला. आकडा थोडा खाली आला, आणि 2007मध्ये काम पुन्हा सुरू झालं. या मंडळाला काम बंद पाडण्याचा अधिकार नव्हता. ते फक्त लेखी शिफारस करतं आणि ती सगळ्यांना वाचता येते. तेवढं पुरलं.

पण अमेरिकेचे गोडवे गाणाऱ्यांनाही मी थांबवते. याच हॅनफर्डमध्ये डिसेंबर 1949मध्ये पुरेसं न थंडावलेलं इंधन मुद्दाम विरघळवून किरणोत्सारी आयोडीन हवेत सोडलं गेलं. हवामान मात्र अपेक्षेप्रमाणे राहिलं नाही. इथे हिवाळ्यात खोऱ्यावर गरम हवेचं झाकण बसतं आणि खालची थंड हवा हलत नाही, हे मोजायला तेव्हाही सव्वाशे मीटर उंचीचा मनोरा उभा होता. मोजमाप होतं, पण खालच्या गावांना कुणी काही सांगितलं नाही. ते कळायला 1986 उजाडलं, तेही लोकांनी कागदपत्रं मागून मागून.

मला तारापूरसाठी बाहेरची तपासणी आणि उघड आकडे हवे आहेत. 2018नंतरच्या धक्क्यांमुळे इमारतींच्या आणि साठवणीच्या भूकंप-हिशोबात काय बदललं, ते छापून द्या. हॅनफर्डला वर्षाला जेमतेम 17 सेंटिमीटर पाऊस, कोकणात त्याच्या कितीतरी पट. तिथल्या मुरमातून भूजल कुठे वाहतं, दमट वाऱ्याच्या दिवशी धूर कुठे जातो, हे स्थानिक लोकांना समजेल अशा मराठीत मांडा. तपासणारा अणुऊर्जा विभागाबाहेरचा असावा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वायत्ततेवर महालेखापालांनी 2012 सालीच बोट ठेवलं होतं. आणि किल्लारीचा 1993चा भूकंप तर स्थिर मानलेल्या जमिनीवर झाला होता. तेव्हा "आमच्याकडे असं होत नाही" हे उत्तर निदान महाराष्ट्रात तरी कुणी देऊ नये.

केंद्र बंद करा म्हणणाऱ्या माझ्या माणसांनाही एक विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत या डब्यांबद्दल विचारा: किती आहेत, किती वर्षं इथे राहणार, आणि खालच्या खडकातला भूकंपाच्या लाटेचा वेग कुणी, कधी मोजला.