गाड्या लई येत्यात, पण डबा घेऊनच

"जिल्ह्यात निसर्ग पर्यटनाची नवी ठिकाणं शोधायची आणि त्यातून भागाचा विकास करायचा" हा विषय सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे. ग्रामसभेत निघतो, कॉलेजच्या परिसंवादात निघतो, जाहीरनाम्यात तर असतोच असतो. मी सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात भूगोल शिकवतो, त्यामुळं "सर, एखादा चांगला स्पॉट सांगा की, डेव्हलप करूया" ही फर्माईश माझ्याकडं हमखास येते. स्पॉट सांगायला काही लागत नाही, आपल्याकडं सह्याद्रीनं हात आखडता घेतलेलाच नाही. पण संशोधन कशाचं करायचं, यावर माझं आणि या मंडळींचं जमत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

२०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यात महाराष्ट्रातल्या चार: कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. म्हणजे साताऱ्याचं कास आणि आपली चांदोली या दोघींच्या कपाळाला टिळा एकाच वेळी लागला. कास आज पुण्या-मुंबईच्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. आणि चांदोली? सांगलीत, विश्रामबागच्या चौकात उभं राहून दहा जणांना विचारा. "धरण आहे ना तिकडं?" याच्या पुढं गाडी जाणार नाही. ३१७ चौरस किलोमीटरचं जंगल, २००४ पासून राष्ट्रीय उद्यान, २०१० पासून कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. आता तर ताडोब्याची वाघीण आणून सोडली तेव्हा कुठं पेपरात नाव आलं. तरी आम्ही सांगलीकर सुट्टीला महाबळेश्वरच्या ट्रॅफिकमध्ये तीन तास बसणार आणि "आपल्याकडं बघायला काय आहे हो" म्हणून परत येणार.

तर जागा सापडत नाहीत, ही अडचणच नाही. जागा सापडल्यावर तिथल्या माणसाच्या हातात काय पडतं, ही अडचण आहे, आणि त्याचा अभ्यास कुणी करत नाही.

आमच्या शिराळ्याचं गुढे-पाचगणीचं पठार घ्या (महाबळेश्वरजवळची पाचगणी वेगळी). पावसाळ्यात धुकं, पवनचक्क्या, अंगावर येणारा वारा, सगळं फुकट. रील्समुळं गेल्या काही वर्षांत तिथं रविवारी जत्रा भरते. आम्ही पोरांना वही-पेन देऊन रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि एक साधं काम सांगितलं: गाड्यांचे नंबर लिहा. एमएच १० म्हणजे सांगली, ५० कराड, ०९ कोल्हापूर, १२ आणि १४ पुणे-पिंपरी. पाटीवरून माणूस कुठून आला ते कळतं, त्यावरून त्यानं किती डिझेल जाळलं असेल ते काढता येतं. मग थांबवून दोनच प्रश्न: घरातून निघाल्यापासून किती खर्च झाला, आणि त्यातला या पठारावर किती? पर्यटनाच्या अर्थशास्त्रातल्या प्रवासखर्च पद्धतीची सुरुवात अशीच होते, पण नाव माहीत नसलं तरी बारावीचं पोरगं करू शकतं.

उत्तरं ऐकून पोरं गप्प झाली. पुण्याची गाडी खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे असे तीन टोलनाके भरत येते. नाश्ता हायवेवर. डिझेल हायवेवर. पाण्याच्या बाटल्या, वेफर्स, कोल्ड्रिंक कराडच्या मॉलमधून. पठारावर येऊन चार चहा, दोन प्लेट भजी, एक मक्याचं कणीस. पुण्याच्या बहुतेक गाड्यांनी नुसत्या टोलनाक्यांना जेवढं दिलं, तेवढंसुद्धा डोंगराला दिलेलं नव्हतं.

भजीच्या टपरीवर एक मावशी असतात. मी विचारलं, "मावशी, धंदा जोरात दिसतोय." त्या कढईतून झारा न काढता म्हणाल्या, "गाड्या लई येत्यात सर, पण डबा घेऊनच येत्यात. आन् जाताना डबा न्हेत्यात, कचरा ठेवत्यात." मग खालच्या बाजूला बोट दाखवून सांगितलं, की बाटलीच्या काचेनं त्यांच्या म्हशीचा खूर फाटला, डॉक्टरला आणायला गाडीभाडं वेगळं आणि औषध वेगळं. एका रविवारची भजी त्यातच गेली. विकासाच्या आकडेवारीत हा खूर कुठल्या रकान्यात धरायचा, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दुसरा उद्योग केला तो बिल फोडण्याचा. चांदोलीच्या वाटेवर एका हॉटेलात जेवलो आणि ताटातला एकेक पदार्थ कुठून आला ते मालकाला विचारत बसलो. भला माणूस, वैतागला नाही. पनीर कोल्हापूरचं. तेलाचा डबा कराडच्या होलसेलवाल्याकडून. नूडल्स, सॉस, बाटलीबंद पाणी बाहेरचं. तालुक्यातलं काय? तांदूळ, मिरची, ताक, आणि भाकरी थापणाऱ्या दोन बायकांचा रोज. गंमत बघा, शिराळा म्हणजे भाताचा तालुका. मे महिन्यात धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात, पेरणी करणारी ही माणसं. आणि मेनूकार्डावर पहिलं नाव व्हेज मंचुरियनचं. मालकाचं म्हणणं, "पाव्हण्यास्नी तेच लागतं." लागतं की आपण दुसरं काही ठेवतच नाही? नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं, खर्डा, रानभाजी हे ताट ठेवलं, तर ताटामागचा पैसा बराचसा तालुक्यातच फिरतो. याला अर्थशास्त्रवाले गळती कमी करणं म्हणतात. बादलीचं भोक न बुजवता नळ मोठा करत राहणं, हे आपलं सध्याचं पर्यटन धोरण.

म्हणून माझं म्हणणं असं, की नवं ठिकाण ठरवताना ड्रोनचा व्हिडिओ सगळ्यात शेवटी काढावा. आधी बघावं की तिथं माणूस रात्री मुक्काम करू शकतो का. सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा पाहुणा चहा-भजीपुरता. मुक्कामी पाहुणा दोन वेळा जेवतो, वाटाड्या घेतो, जाताना तांदूळ-मध घेऊन जातो. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्यालाही नोंदणीची सोय आहे. पण आमच्या भागात दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढणाऱ्याची पहिली अडचण संडास-बाथरूम आणि उन्हाळ्यातलं पाणी ही असते. धो धो पाऊस पडणाऱ्या डोंगरावर मार्च-एप्रिलात बायका डोक्यावरून पाणी आणतात, हे पुण्याच्या माणसाला पटत नाही. जांभ्या दगडाचं पठार पाणी धरत नाही, झिरपून खालच्या झऱ्याला सोडतं. तेव्हा आधी झऱ्यांचं मोजमाप. मग खोल्या. मग जाहिरात.

किती माणसं झेपतील याचंही शास्त्र आहे, अंदाजपंचे काम नाही. जागेत एकाच वेळी किती माणसं मावतात ते पहिल्यांदा काढायचं. त्यातून पाऊस, धुकं, निसरडा उतार, पक्ष्यांच्या विणीचा काळ वजा करायचा. उरलेल्यातून आपल्याकडं पार्किंग, संडास, राखणदार किती आहेत त्या हिशेबानं परत कापायचं. जो आकडा उरतो तो बहुतेक वेळा इतका लहान असतो की पुढाऱ्यांना सांगायची लाज वाटते. पण तोच खरा. आमच्या पठाराच्या रस्त्यावर रविवारी एसटी अडकते, समोरून रुग्णवाहिका आली तर देवच वाली.

कासला हे थोडंफार जमलं, ते काही एका दिवसात नाही. तिथली माती म्हणजे जांभ्यावरची बोटभर जाडीची चादर. तेरडा, सीतेची आसवं, गेंद ही सगळी त्या बोटभर मातीवर दोन-तीन महिन्यांत उगवून, फुलून, बी धरून मोकळी होतात. फोटोसाठी एक माणूस आत शिरला, की त्याच्या बुटाखाली पुढच्या वर्षीचं बी जातं. वारशाचा दर्जा मिळाल्यावर गर्दी वाढली, तशी आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी वन विभागासोबत काम हातात घेतलं. शुल्क, ऑनलाइन बुकिंग, रोजच्या पर्यटकांवर मर्यादा, गावातलीच पोरं गाईड आणि राखणीला. भांडणं झालीच. कुंपण घातलं, मग गुरं चरायची थांबल्यानं गवत माजलं आणि फुलं घटली अशी ओरड झाली. चराईचा आणि फुलांचा संबंध तिथल्या गुराख्याला आधीपासून माहीत होता, त्याला विचारायला उशीर झाला एवढंच. तरी मी कासचंच नाव घेतो, कारण तिथं तिकिटाचा पैसा गावच्या समितीकडं जातो आणि चुकलं तर कुणाला जाब विचारायचा ते ठाऊक असतं.

याच्या उलट महाबळेश्वर-पाचगणी. २००१ सालीच तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. कागदावर सगळं आहे. मे महिन्यात जाऊन या आणि मला सांगा. आता कोयनेच्या काठानं 'नवीन महाबळेश्वर' या थंड हवेच्या ठिकाणाचा प्रकल्प येतोय, शेकडो गावं त्यात आहेत. ही तीच खोरी, जिथल्या माणसांनी कोयना धरणासाठी गावं सोडली. त्यांच्या नातवंडांना आता रिसॉर्टच्या गेटवर वॉचमनची नोकरी मिळाली, तर त्याला प्रादेशिक लाभ म्हणायचं का? मी म्हणणार नाही. पवनचक्क्या आल्या तेव्हा पठारावरच्या जमिनी काय भावानं गेल्या, ते शिराळा-पाटणच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. रील व्हायरल झाली की तिसऱ्या महिन्यात एजंट सातबारा मागत फिरतो. त्यामुळं जागेच्या अहवालात गेल्या पाच वर्षांत किती गुंठे कुणाच्या नावावर गेले, हे एक पान असलंच पाहिजे. तलाठ्याकडं सगळं मिळतं.

आता थोडं आपल्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाकडं, कारण सांगली म्हणजे नुसता शिराळा नाही.

माझं मत विचाराल तर सांगलीचं सगळ्यात वाया चाललेलं ठिकाण सागरेश्वर. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं अभयारण्य, १९८५ सालचं, आणि माणसांनी लावून वाढवलेलं. वृक्षमित्र धों. म. मोहित्यांनी बोडक्या डोंगरावर झाडं लावायचा ध्यास घेतला, त्यातून उभं राहिलेलं जंगल. चितळ, सांबर, काळवीट दिसतात. पायथ्याशी जुन्या देवळांचा समूह. जवळच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. पलीकडं कुंडल, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा बालेकिल्ला. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर, आणि तिथं रेल्वे थांबते! रेल्वेनं येऊन सायकलनं फिरता येईल असं जंगल राज्यात किती ठिकाणी आहे? भोवती द्राक्षबागा, बेदाण्याचे शेड, हळद. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन आहे. बेदाणा कसा होतो हे बघायला शहरातली माणसं पैसे देऊन येतील, पण शेडवर त्यांना नेणारं कुणी नाही.

तिथंही हिशेबाची दुसरी बाजू आहे. हरणं कुंपणाबाहेर येऊन पिकं खातात, शेतकरी वैतागलेत. पश्चिमेला तोच त्रास गव्यांचा. भाताच्या खाचरातून गव्यांचा कळप गेला, की त्या वर्षी तिथं काही उरत नाही. भरपाई मिळते, पण पंचनामा, फोटो, अर्ज, हेलपाटे. जंगल बघायला आलेल्याच्या तिकिटातून एक ठरावीक वाटा सरळ त्या गावांच्या पीकनुकसानीच्या निधीत का जाऊ नये? गवा दिसला म्हणून पाहुणा खूश होतो, त्या खुशीची किंमत आज एकटा शेतकरी मोजतोय.

आणखी एक गोष्ट, ठिकाण एकेकटं बघू नये. चांदोली पावसाळ्यात बंद, तेव्हा गुढे-पाचगणीला गर्दी. कासची फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबर. थंडीत चांदोली उघडलेली आणि तिकडं आटपाडीच्या माळावर पक्षी. सगळं एका धाग्यात ओवलं तर शिकलेल्या गाईडला वर्षाचे आठ-नऊ महिने काम मिळेल. नाहीतर पोरगं चार रविवार गाईड आणि बाकी वर्ष पुण्यात डिलिव्हरी बॉय. हे काम एका ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं नाही, सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांनी मिळून करायचंय. आपण तर टेंभू उपसा योजनेच्या पाण्यावरून अजून भांडतोय, तेव्हा फार आशा ठेवत नाही.

पुढच्या हिवाळ्यात पोरांना घेऊन आटपाडीकडं जायचा विचार आहे. २०२३ मध्ये तिथलं माळरान संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. लांडगा, कोल्हा, खोकड असलेलं, आपण आयुष्यभर 'ओसाड' म्हणत आलो ते रान. तिथल्या मेंढपाळांना माहीत असलेलं रान आधी वहीत उतरवायचंय, पर्यटक नंतर. आटपाडी, खानापूर, जतकडच्या मित्रांनी मेंढ्यांचे मार्ग, पाणवठे, जुन्या माणसांचे फोन असं काही असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा. लांडग्याचं बीळ कुठं आहे ते कुणाला ठाऊक असेल, तर कृपा करून कॉमेंटमध्ये लोकेशन टाकू नका.