उघडता येणारा कीबोर्ड

मागच्या महिन्यात एका दुपारी माझ्या कीबोर्डवरचा ‘एन’ दोनदा उमटू लागला. प्रत्येक वेळी नव्हे, दहा-बारा शब्दांमागे एकदा. त्यामुळे दोन दिवस मी दोष स्वतःच्या बोटालाच देत राहिले. ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून त्या शब्दशः टंकलिखित करणे हे माझे काम असल्याने दिवसाचे सहा-सात तास बोटे कळांवरच असतात आणि एवढ्या वापरात एखाद्या कळीने कुरकूर करावी यात नवल नाही. दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. ती कशी झाली ते पुढे सांगतेच. पण नेमक्या त्याच आठवड्यात दोन परिचितांनी मला ‘मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा आहे, कोणता घेऊ?’ असे विचारले आणि दोघांचेही पुढचे प्रश्न स्विचचा रंग आणि आवाज यांच्यापलीकडे गेले नाहीत. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: हा कीबोर्ड मला स्वतःला उघडता येईल का?

साध्या कीबोर्डमध्ये बहुधा सगळ्या कळांखाली रबराची एकच चादर असते. कळ दाबली की तिच्याखालचा रबरी घुमट खचतो आणि तळाशी सर्किट जुळते. म्हणजे अक्षर उमटायचे तर कळ जवळजवळ तळापर्यंत न्यावी लागते, आणि रबर म्हातारे झाले की काही कळा जड, तर काही लिबलिबीत लागू लागतात. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो: दोन भागांचे प्लास्टिकचे घर, त्यात वरखाली होणारा दांडा, त्याखाली स्प्रिंग आणि बाजूला धातूच्या पात्या. कळ वर असताना दांड्याचे पाय त्या पात्यांना एकमेकींपासून दूर धरून ठेवतात; दांडा खाली सरकला की त्या टेकतात. नेहमीच्या स्विचमध्ये कळ एकूण सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते, पण पात्या २ मिलिमीटरच्या आसपासच जुळतात. उरलेले अंतर बोटाने पार करण्याची काही गरज नसते. हे मला वाचून कळले होते. बोटांना कळायला तीन महिने लागले, आणि त्यानंतर संध्याकाळी मनगटात येणारा जडपणा बराच कमी झाला.

आता स्विचच्या दांड्यांच्या रंगांविषयी, कारण तो विषय टाळता येत नाही. चेरी या कंपनीने १९८० च्या दशकात आणलेल्या एमएक्स मालिकेमुळे ही रंगांची भाषा रूढ झाली. लाल स्विच सरळ खाली जातो आणि त्याला सुमारे ४५ सेंटिन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ४५ ग्रॅम वजनाइतका दाब लागतो. काळा तसाच, पण ६० सेंटिन्यूटनचा. तपकिरी स्विचमध्ये वाटेत बोटाला जाणवेल असा एक छोटा उंचवटा असतो आणि निळ्यात उंचवट्याबरोबर ‘टिक्’ असा स्पष्ट आवाज येतो. चेरीच्या रचनेवरचा एकाधिकार संपल्यावर इतर अनेक कंपन्या तसेच स्विच बनवू लागल्या. त्यांनी रंगही बहुतेक तेच ठेवले. वजन, उंचवटा आणि घासण्याची जाणीव मात्र प्रत्येकीची निराळी. त्यामुळे एका कंपनीचा तपकिरी आवडला म्हणून दुसरीचाही आवडेल, हे गृहीत धरू नये.

निळ्याविषयी माझे मत थोडे कठोर आहे. त्याचा आवाज ऐकायला गोड, पण त्याच खोलीत दुसरे कोणी असेल तर अर्ध्या तासात तो गोडवा संपतो. शिवाय तो ‘टिक्’ दांड्यावर बसवलेल्या एका सुट्या सरकत्या तुकड्यातून येतो, आणि तीच कळ लागोपाठ पुन्हा उमटायची तर ती जिथे जुळली होती त्याहून बरीच वर येऊ द्यावी लागते. एकच अक्षर भराभर दोनदा दाबणाऱ्याला हे खटकते. आवाजच हवा असेल तर आयबीएमच्या १९८५ सालच्या मॉडेल एमकडे पाहावे. तिथे कळीखालची स्प्रिंग ठरावीक दाबाला एका बाजूला वाकते, वाकताना आवाज करते आणि त्याच क्षणी अक्षर उमटते. (गंमत म्हणजे त्या स्प्रिंगांच्या तळाशी पातळ प्लास्टिकच्या पडद्यांचे सर्किटच आहे, शुद्धतेचा आग्रह धरणारे हे सहसा सांगत नाहीत.) त्यातले कित्येक कीबोर्ड आजही कामात आहेत. पण त्यांचा आतला सांगाडा प्लास्टिकच्या वितळवून बसवलेल्या रिबिटांवर उभा आहे; त्या वर्षानुवर्षांनी तुटतात, आणि मग जतन करणाऱ्याला उरलेल्या रिबिटा कापून त्यांच्या जागी भोके पाडून बारीक स्क्रू घालावे लागतात. इतकी भक्कम वस्तू, पण बनवणाऱ्याने ती परत उघडली जाईल असे धरलेच नव्हते.

माझा पहिला मेकॅनिकल कीबोर्डही तसाच होता. त्याचे स्विच खालच्या सर्किटपट्टीला डाग देऊन पक्के केलेले होते. चौथ्या वर्षी एक स्विच बिघडला तेव्हा मी उत्साहाने डाग काढायला बसले, डाग देण्याची कावी गरजेपेक्षा जास्त वेळ टेकवून धरली आणि पट्टीवरचे तांब्याचे इवलेसे कडे कथलाबरोबर उचलले गेले. एका स्विचचा दोष होता, तो मी अख्ख्या कीबोर्डचा करून ठेवला. म्हणून दुसरा घेताना मी फक्त हॉट-स्वॅप कीबोर्डच पाहिले. त्यांत प्रत्येक स्विचच्या दोन पिना धातूच्या छोट्या पकडीत बसतात. चिमट्याने स्विच वर ओढायचा, नवा दाबून बसवायचा, डाग देण्याचा प्रश्नच नाही. नाव ‘हॉट’, म्हणजे वीज चालू असताना बदलण्याजोगे, असले तरी केबल आधी काढावी.

उघडता येण्याचा दुसरा अर्थ असा, की त्याचे भाग सर्वसाधारण मापाचे असावेत. इथे फसगत सर्वांत जास्त होते. एका कळीच्या जागेची रुंदी १९.०५ मिलिमीटर असते आणि तिलाच एक एकक धरून इतर कळांची मापे सांगतात. रूढ मांडणीत तळच्या ओळीतल्या कंट्रोल आणि ऑल्ट या कळा सव्वा एककाच्या आणि स्पेसबार सव्वासहा एककांचा असतो. काही उत्पादक तिथे आपली निराळी मापे वापरतात. कीबोर्ड नवा असताना ते लक्षातही येत नाही, पण कीकॅप, म्हणजे कळांवरच्या टोप्या, झिजल्यावर दुसरा संच आणला की सगळ्या कळा बसतात आणि खालची ओळ तेवढी उघडी राहते. विकत घेण्यापूर्वी स्पेसबारचे माप विचारणे हे जरा विक्षिप्त वाटेल, तरीही विचारावे.

आकाराबाबत फार लिहीत नाही. मी उजवीकडचे अंकांचे दालन नसलेला ८७ कळांचा कीबोर्ड वापरते, कारण त्यामुळे माऊस एक वीतभर जवळ येतो आणि खांदा बाहेर ताणला जात नाही. दिवसभर आकडे भरणाऱ्याने तो घेऊ नये. साठेक कळांचा त्याहून लहान कीबोर्ड टेबलावर देखणा दिसतो, पण त्यात बाणांसाठीही दुसरी कळ धरून ठेवावी लागते. मजकुरात सतत मागेपुढे जाणाऱ्याला तो जाच आहे. रंगीत दिव्यांबद्दल माझे काहीही मत नाही. मागचे पाय मात्र मिटलेलेच ठेवावेत. ते उभे केले की मनगट मागे मुडपते, आणि मेकॅनिकल कीबोर्ड मुळातच उंच असतो.

स्विच निवडताना लोक नऊ-दहा स्विच बसवलेली छोटी पट्टी मागवतात आणि प्रत्येकावर एक बोट दाबून निर्णय घेतात. एका बोटाने एक कळ दाबणे म्हणजे टंकलेखन नव्हे. पट्टीवर मला जो स्विच सर्वांत आवडला होता, तो अख्ख्या कीबोर्डवर दोन तासांत नकोसा झाला. ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून कीबोर्ड दोन दिवस मागून आणावा आणि त्यावर आपले नेहमीचे काम करावे, याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाही.

कीकॅपमध्ये मुख्यतः दोन प्रकारचे प्लास्टिक असते: एबीएस आणि पीबीटी. एबीएस गुळगुळीत होऊन चकाकू लागते. ही चकाकी बोटांच्या तेलाची आहे असे समजून मी एकदा ‘ई’ची टोपी साबणाने पंधरा मिनिटे घासली होती, ती होती तशीच चकाकत राहिली, कारण तिथला खरखरीत थरच झिजून गेला होता. स्पेसबारवर तर माझा उजवा अंगठा नेमका कुठे पडतो ते लांबूनही दिसत असे, आणि डावीकडची बाजू कोरी करकरीत. पीबीटी जास्त कणखर असते आणि त्याचा खरखरीतपणा बराच काळ टिकतो. मात्र त्याचा लांब स्पेसबार क्वचित किंचित वाकडा निघतो, तेव्हा तो मिळाल्यावर सपाट काचेवर ठेवून पाहावा. अक्षरे नुसती वर छापलेली नसावीत. दोन रंगांचे प्लास्टिक एकात एक ओतून केलेली अक्षरे पुसली जाण्याचा प्रश्नच येत नाही.

आता निगा. रोजची निगा म्हणजे काम संपल्यावर वर कापड टाकणे, एवढेच. आठवड्यातून एकदा कीबोर्ड उलटा करून हलके थोपटावा आणि कळांमधून मऊ ब्रश फिरवावा. दाबलेल्या हवेचा डबा मला पसंत नाही. धूळ बाहेर येण्याऐवजी स्विचच्या फटीत जाण्याची शक्यता राहते. सहा महिन्यांनी कीकॅप काढून धुवाव्यात, आणि त्याआधी कीबोर्डचे छायाचित्र घ्यावे, कारण रोज हाताखाली असलेली मांडणी डोळ्यांना अजिबात आठवत नाही. टोपी तारेच्या चिमट्याने सरळ वर ओढायची, तिरकी नाही. स्पेसबार, एंटर आणि शिफ्ट यांच्याखाली स्टॅबिलायझरची, म्हणजे लांब कळ एका बाजूला कलू न देणारी, तार असते, म्हणून त्या दोन्ही टोकांनी सारख्याच उचलाव्यात. धुण्याला कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. अॅसिटोनने एबीएस विरघळते. टोप्या एक रात्र उपड्या नव्हे, पोकळ बाजू वर करून वाळवाव्यात, कारण दांडा बसतो त्या खाचेत पाण्याचा थेंब अडकून राहतो. स्विच ज्यात बसवलेले असतात त्या मधल्या पत्र्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलसर बोळा चालतो. स्विचमध्ये गंज सोडवण्याचे फवारे मात्र कधीही मारू नयेत.

काही सांडलेच तर पहिली गोष्ट केबल काढणे, दुसरी कीबोर्ड उलटा करणे. चालतो का ते पाहण्यासाठी कळा दाबण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि बहुतेक वेळा तोच महागात पडतो, कारण ओल्या पट्टीतून वीज गेली की गंज आणि शॉर्ट सर्किट दोन्ही ओढवतात. साधे पाणी असेल तर टोप्या काढून दोन दिवस वाऱ्यावर ठेवावा. साखर असलेले पेय असेल तर ते वाळल्यावर दांडे चिकटतात. तेव्हा भिजलेले स्विच काढून स्वच्छ करावे किंवा बदलावेत. इथेही पुन्हा उघडता येण्याचाच प्रश्न येतो.

वंगणाबद्दल उत्साह आवरता घ्यावा. लांब कळांचा खडखडाट स्टॅबिलायझरच्या तारेमुळे होतो. तारेच्या टोकांना घट्ट वंगणाचा छोटा ठिपका दिला की तो थांबतो, आणि हा फरक स्विच बदलण्याहूनही जास्त जाणवतो. स्विचच्या आत लावायचेच तर पातळ थर फक्त दांड्याच्या कडांना आणि स्प्रिंगला, पात्यांना नाही. तपकिरीच्या उंचवट्याला लावले तर उंचवटाच हरवतो. मी पहिल्यांदा सढळ हाताने लावले आणि दोन आठवडे चिखलात बोटे घातल्यासारखे टंकलेखन केले.

राहिला ‘एन’. स्विचच्या आयुष्याचे आकडे मोठे असतात, ५ कोटी दाब, १० कोटी दाब. एखादी कळ मी रोज २,००० वेळा दाबते असे धरले तर ५ कोटींना ६८ वर्षे लागतील. पण धूळ आणि दमट हवा यांच्यापुढे या हिशोबाला अर्थ उरत नाही. पात्या टेकतात तेव्हा त्या क्षणभर थरथरतात, म्हणून कीबोर्डमधली चिप काही मिलिसेकंद थांबून मगच एक दाब मोजते. पात्या मळल्या की ही थरथर त्या मुदतीपलीकडे लांबते आणि एका दाबाचे दोन होतात. मी केबल काढली, ‘एन’ची टोपी उचलली, स्विचच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या पकडी चिमट्याने दाबून तो सरळ वर काढला. सुटे स्विच संपले होते. तेव्हा क्वचित लागणाऱ्या कळीचा शोध घेतला आणि स्क्रोल लॉकखालचा स्विच काढून त्याच्या पिना भिंगाखाली पाहिल्या, कारण पीन वाकडी असताना जोर लावला तर खालची पकडच पट्टीपासून उखडते. एक किंचित वाकली होती, ती सरळ केली आणि पकडीला मागून बोटाचा आधार देऊन तो स्विच ‘एन’च्या जागी बसवला. तेव्हापासून ‘एन’ एकदाच उमटतो. त्याचा जुना स्विच आता स्क्रोल लॉकखाली आहे आणि त्याची अद्याप एकही तक्रार नाही, कारण ती कळ मी अजून एकदाही दाबलेली नाही.