स्टिरिओच्या जागी डॉक: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

जुना घरगुती स्टिरिओ काढून त्याच्या जागी आटोपशीर स्पीकर डॉक, म्हणजे फोन जोडून गाणी ऐकवणारी एकच पेटी, कसा निवडावा, या माझ्या लेखावर आपण फोंड्याहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, याबद्दल मनापासून आभार. एका पेटीतून स्टिरिओ मिळत नाही, एवढ्याशा पेटीतला खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा आवाज, फसवा असतो आणि फोनची पिन बदलली की डॉक अडगळीत पडतो, असे आपले आक्षेप आहेत. म्हणूनच नवी खरेदी सुचवण्यापेक्षा जुना संच दुरुस्त करून घेण्याचा सल्ला मी द्यायला हवा होता, असे आपण लिहिले आहे.

स्टिरिओबद्दल आपण म्हणता ते खरेच आहे. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला, म्हणजे दोन मीटरवर बसणाऱ्यासाठी स्पीकरही एकमेकांपासून दोन मीटर दूर असले, तर डावे-उजवे ६० अंशांत पसरते आणि गायक मधोमध उभा राहतो. तीस सेंटिमीटर रुंदीच्या डॉकमध्ये तोच पसारा नऊ अंशांच्या आत येतो, आणि पाकिटावर काहीही छापलेले असले तरी भूमितीत फरक पडत नाही. मात्र ज्यांच्यासाठी तो लेख होता, ते जुने घर सोडून पणजीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले वाचक आहेत. त्यांच्याकडे स्वयंपाक करताना, जेवताना, संध्याकाळी बाल्कनीत बसून गाणे ऐकले जाते; त्रिकोणाच्या टोकावर खुर्ची मांडून बसणारे कोणी नसते. शिवाय आपण ज्यांचा उल्लेख केलात, त्या गायिका केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या आहेत. त्या एका चांगल्या पेटीतून ऐकल्या, तर त्यांतले काहीही हरवत नाही. ज्यांचा संग्रह प्रामुख्याने स्टिरिओ ध्वनिमुद्रणांचा आहे आणि जे एका जागी बसून ऐकतात, त्यांनी डॉक घेऊ नये. ॲम्प्लिफायर आतच बसवलेली दोन छोट्या स्पीकरांची जोडी घ्यावी, असेच मी सांगेन.

खर्जाच्या प्रश्नावर अधिक लिहायला हवे, कारण दुकानात सर्वाधिक दिशाभूल याच बाबतीत होते. वीस सेंटिमीटर व्यासाच्या वूफरचे, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरच्या पडद्याचे, क्षेत्रफळ सात सेंटिमीटरच्या वूफरपेक्षा सुमारे आठ पट असते. तेवढीच हवा ढकलायची, तर लहान पडद्याला आठ पट अधिक पुढेमागे व्हावे लागते. त्यातून सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी ही हालचाल चौपट लागते. डॉकमधले इलेक्ट्रॉनिक्स म्हणून हलक्या आवाजात खर्ज उचलून धरते आणि आवाज वाढवला की तो मुकाट्याने कमी करते. आपण याला फसवेपणा म्हणता. मी याला मर्यादा म्हणेन, कारण हलक्या आवाजात आपल्या कानालाही खर्ज कमीच ऐकू येतो आणि तेथे ही उचल उपयोगाची ठरते. काळी एक या पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. पुष्कळ लहान डॉक तेथवर पोहोचेपर्यंत क्षीण होतात. तरीही खर्जाचा षड्ज आपल्याला ऐकू येतो, कारण जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या झणकारामुळे, त्या तारेतून वरचे स्वरांश विपुल निघतात आणि त्यांवरून मूळ सूर कान स्वतःच जुळवून घेतो. जातो तो त्या सुराचा भार, आणि डग्ग्याच्या घुमाऱ्यात त्याची उणीव सर्वांत आधी जाणवते. म्हणून दुकानात आपल्या ओळखीचे, विलंबित ख्यालाचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे, घरी ठेवतो तेवढ्याच आवाजावर डग्गा ऐकावा आणि मग आवाज वाढवून तो पातळ होतो का, ते पाहावे. पाकिटावरच्या पीएमपीओच्या, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीच्या, हजारो वॅटना काहीही अर्थ नाही. आरएमएसचा, म्हणजे सलग मिळणाऱ्या शक्तीचा, आकडा विचारावा, आणि तो दुप्पट झाला तरी आवाज अवघा तीन डेसिबलने वाढतो, हेही लक्षात ठेवावे.

दुरुस्तीचा आपला आग्रह मला मनापासून पटतो. पण तो संच पाहून धरावा. माझ्या घरच्या जुन्या स्पीकरची जाळी काढली, तेव्हा वूफरच्या कडेचा फोम बोट लावताच काळ्या, चिकट चुऱ्यासारखा हातावर आला आणि मागच्या क्लिपांमध्ये तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढलेला दिसला. आपल्याकडच्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा फोम पाण्याच्या वाफेने विघटित होतो. रबराची कड बरीच जास्त टिकते. फक्त कड गेली असेल, तर नवी कड चिकटवून घ्यावी आणि स्पीकर खुशाल वापरावेत. ॲम्प्लिफायरचे स्विच, रिले आणि कपॅसिटरही गेले असतील आणि घरात त्यासाठी जागाच उरली नसेल, तर डॉक घेण्याचा माझा सल्ला बदलत नाही. नवा डॉक घेतानाही रबरी कड आहे का, हे विचारायला विसरू नये.

पिनेची आपली भीती तर इतिहासानेच खरी ठरवली आहे. ॲपलची तीस पिनांची खाच २००३ मध्ये आली, २०१२ मध्ये लाइटनिंग या ॲपलच्याच लहान खाचेने तिची जागा घेतली आणि २०२३ मध्ये आयफोनवर यूएसबी-सी आले. जो डॉक केवळ खाचेतूनच गाणे घेतो, त्याचे आयुष्य फोन बनवणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहते. म्हणून ज्याला साधे ३.५ मिलिमीटरचे ऑक्स इनपुट, म्हणजे कोणतेही यंत्र तारेने जोडायचे भोक, नाही, असा डॉक कितीही गोड वाजला तरी घेऊ नये, असे मी ठामपणे सांगतो. ब्लूटूथ सोय म्हणून असावे. मात्र तारेची वाट मोकळी असायलाच हवी.

आपल्या तबकड्यांविषयी आपण शेवटी विचारले आहे. टर्नटेबल मुळीच विकू नका. त्याच्या सुईतून निघणारा संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो, त्यामुळे तो थेट ऑक्समध्ये जोडला तर आवाज बारीक आणि खर्जाविना येईल. मध्ये हा संकेत वाढवून खर्ज भरून देणारा एक लहान फोनो प्री-ॲम्प जोडावा लागेल. एलपीसाठी, म्हणजे नंतरच्या काळातल्या सावकाश फिरणाऱ्या मोठ्या तबकड्यांसाठी, एवढे पुरते. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची खाच एलपीपेक्षा रुंद असते, तेव्हा त्यांना वेगळी सुई लागेल आणि आपले टर्नटेबल तेवढ्या वेगाने फिरते की नाही, हेही आधी तपासून घ्यावे.