‘जीनच खराब, मग थेरपी कशाला?’ या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार पेशंटच्या घरच्यांनी दाखवला. त्यात लिहिलंय : डोक्याला मार लागलेला माणूस सावरणार की नाही, हे जन्मतःच ठरलेलं असतं. ‘एपीओई-४’ जीन असेल तर मेंदू सावरत नाही, हे सिद्ध झालंय. आधी डीएनए टेस्ट करा, मगच फिजिओथेरपीवर पैसे घाला, नाहीतर थेरपी वाया जाते. तालमीचं रक्त असेल तर काळजीच नको.

कोल्हापुरात, राजारामपुरीत मी फिजिओथेरपी करते. परवा कागलकडच्या एका आईनं विचारलं, “मॅडम, पोराच्यात त्यो जीन असंल तर कशाला हेलपाटं घालायचं?” म्हणून हे लिहितेय.

‘सिद्ध झालंय.’ नाही. एपीओई जीनपासून बनणारं प्रथिन मेंदूत कोलेस्टेरॉलची ने-आण करतं, जखमी पेशींच्या डागडुजीला ते लागतं. या जीनचे काही प्रकार असतात, एपीओई-४ हा त्यातलाच एक. म्हणून शंका रास्तच होती. १९९७ साली ग्लासगोत मेंदूचे सर्जन ग्रॅहम टीसडेल यांच्या गटानं डोक्याला मार लागलेले ९३ पेशंट तपासले. सहा महिन्यांनी, चार नंबरचा प्रकार असलेल्यांपैकी ५७ टक्क्यांची अवस्था वाईट होती, नसलेल्यांपैकी २७ टक्क्यांची. मेसेज इथंच थांबतो. पण टीसडेल थांबले नाहीत. २००५ साली त्यांनीच ९८४ पेशंटचा अभ्यास छापला, तेव्हा तेच आकडे आले ३६ आणि ३३ टक्के. एवढा मोठा वाटलेला फरक जवळजवळ पुसला गेला. लहान मुलं आणि तरुणांत थोडा परिणाम दिसला, तेही सांगायलाच हवं. पुढं २०२२ साली संशोधकांनी युरोप-अमेरिकेतल्या ५,२६८ पेशंटचे सगळे जीन्स चाळले, तरी ठामपणे बोट ठेवावं असा एकही जीन सापडला नाही. कोण किती सावरतो, या पेशंट-पेशंटमधल्या फरकात अनुवंशिकतेचा वाटा साधारण २६ टक्के असावा, असा त्यांचा अंदाज. म्हणजे जीन्सचा हात आहे, पण तो अनेक बारीक बारीक जीन्सचा मिळून.

‘आधी टेस्ट करा.’ करून काय बदलणार? रिपोर्ट काहीही आला तरी उपचार तेच राहतात. शिवाय एपीओई-४ चा अल्झायमरच्या धोक्याशी संबंध आहे. भावंडांत तोच जीन असू शकतो, मग भावाच्या अपघातापायी बहिणीच्या डोक्याला तो घोर कशाला? पेशंट कितपत सावरेल याचा अंदाज डॉक्टर बांधतात तो वय, बुबुळांचा प्रतिसाद, हातापायांची हालचाल आणि सीटी स्कॅन बघून. अपघातानंतर ऑक्सिजन किंवा रक्तदाब किती खाली गेला, यावरही बरंच अवलंबून असतं. हायवेवर तावडे हॉटेलपाशी कुणी पडलेला दिसला तर १०८ लावायला उशीर करू नका, ते यासाठीच.

तालमीच्या रक्ताचं म्हणाल तर तो समज जीवघेणा आहे. डोकं आपटून शुद्ध हरपलेल्या पैलवानाला पाणी मारून पुन्हा मातीत उतरवू नका. उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी दिसली की थेट कॅज्युअल्टी गाठा.

आता ‘थेरपी वाया जाते’ हे. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण ते वाचून माणसं येणं थांबवतात. मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या पेशी नव्या जोडण्या करतात, आणि त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. सगळे पूर्ण बरे होतात असं मी म्हणत नाही. काहींच्या बाबतीत वर्षभरानंही फार थोडं हाती लागतं.

त्या कागलच्या पोराला सुरुवातीला शर्टाचं एक बटण लावायला सात-आठ मिनिटं लागायची. बटण काजात शिरेपर्यंत मानेवर घाम यायचा. परवा त्यानं अख्खा शर्ट लावला, शेवटचं बटण तेवढं एक काज वर गेलं. आईनं सवयीनं हात पुढं केला, त्यानं तो बाजूला सारला, बटण काढलं आणि पुन्हा लावलं.

आईला मी एवढंच सांगितलं : मंगळवारी पायऱ्यांचा सराव सुरू करायचाय, त्याला चपला नको, बूट घालून आणा.