राउंडची जात कोणती?

आमच्या घरी कामांची वाटणी पक्की आहे. गणित, विज्ञान बायकोकडे. इंग्रजी शिकवणं आणि कूलरमध्ये पाणी भरणं माझ्याकडे. नागपूरच्या एप्रिलात यातलं दुसरं काम जड असं कोणालाही वाटेल. पण सहावीतल्या लेकीनं परवा वर्कशीट पुढ्यात टाकली आणि मी बादली घेऊन आपणहून गच्चीवर गेलो. टाकी काठोकाठ भरली, गवत दाबून पाहिलं, मोटर तपासली. खाली आलो तर वर्कशीट तिथंच. ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा.’

शब्दांच्या जाती आठ, चार विकारी, चार अविकारी, एवढं मला झोपेतही म्हणता येतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. म्हणजे ज्यांचं पाहून आपण शब्दांना जाती लावल्या, त्यांच्याच घरचे शब्द जात पाळत नाहीत.

पहिलाच शब्द राउंड. गोल टेबल म्हटलं की विशेषण. बॉक्सिंगचा पहिला राउंड, नाम. ‘द अर्थ गोज राउंड द सन’ यात शब्दयोगी अव्यय, आणि ‘द व्हील गोज राउंड’ म्हटलं की क्रियाविशेषण, कारण पुढचा सूर्य गेला. जहाजानं एखाद्या टोकाला वळसा घातला की हाच राउंड क्रियापद होतो. लेक म्हणाली, “बाबा, पण आपण तर बर्डीवर राउंड मारून येतो!” मी म्हटलं, ते नाम. ती म्हणाली, “पण तुम्हीच म्हणाले होते, नाम म्हणजे वस्तू, व्यक्ती नाहीतर ठिकाण. राउंड यातलं काय?” मी पाणी प्यायलो.

फास्टनं तर आमच्या आईलाच मध्ये ओढलं. तिची संकष्टी होती. लेकीनं वाक्य केलं, ‘माय ग्रँडमदर इज फास्ट.’ गुडघ्यांचं दुखणं घेऊन सोफ्यावर बसलेल्या आईला अर्थ कळला तेव्हा ती बरीच खूश झाली. आता उपवासाचा फास्ट आणि धावण्याचा फास्ट यांचा काही संबंध असेल असं वाटतं का? तर आहे. मूळ अर्थ घट्ट, पक्का. व्रत घट्ट धरलं तो उपवास, नेटानं धावला तो वेगवान. म्हणूनच गाढ झोपलेला माणूसही इंग्रजीत फास्टच असतो. हे कळल्यावर आईनं साबुदाण्याची दुसरी वाटी घेतली.

असं का होतं, तर हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत शब्दांना शेपट्या होत्या. प्रेम हे नाम ‘लुफु’, प्रेम करणं ‘लुफियन’. पुढं शेपट्या झडल्या आणि दोघांचं मिळून एकच ‘लव्ह’ उरलं. आता ते वाक्यात कुठं बसलंय ते पाहून ओळखायचं. आपला ‘खेळ’ आणि ‘खेळणं’ अजून शेपटी सांभाळून आहेत, देवाची कृपा. ‘रेकॉर्ड’सारख्या शब्दांत इंग्रज निदान जोर बदलतात, नाम असेल तर आधी, क्रियापद असेल तर नंतर. आमच्याकडे दोन्ही ‘रेकॉड’. जोर सगळा शेवटच्या ‘ड’वर.

वरच्या मजल्यावरचे काका बर्फ मागायला आले होते. थोडा वेळ ऐकलं नि म्हणाले, “काहून बाप्पा एवढी डोकेफोड करून राहिला? मागं ‘कर’ लाव ना! फोन कर, मेसेज कर, ब्लॉक कर, सेट कर. कर लावला का कोणताबी शब्द कामाले लागते.” मला पटलं. सगळं नागपूर हेच तर करतं, आणि कोणाचं काही अडत नाही. पण वर्कशीटवर तेवढी जागा नव्हती.

शेवटचं वाक्य होतं, ‘द नाइट्स आर कूलर इन डिसेंबर.’ लेकीनं न विचारता ‘नाम’ लिहून टाकलं. मी समजावलं, हे विशेषण आहे, जास्त थंड अशा अर्थाचं. तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“बाबा, मग वाक्यच चूक आहे. डिसेंबरात कूलर माळ्यावर असतो.”